कंपनी गेली, गाडी राहिली : मावळातल्या मिस्त्रीगिरीचा थोडा इतिहास

आपल्याकडे मोटारगाडीचा इतिहास म्हणजे कारखान्यांचा इतिहास. कारखाना कुणी काढला, कोणत्या साली काढला, पहिली गाडी कधी बाहेर पडली, एवढं लिहून झालं की लेखक थांबतो. गाडीचं खरं आयुष्य मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर सुरू होतं. आपल्या देशात ते वीस-पंचवीस वर्षं चालतं. या काळात मालक बदलतात, रंग बदलतो, कधीकधी तर गाडी बनवणारी कंपनीच देश सोडून जाते. तरी गाडी चालत राहते, कारण कुणीतरी तिच्याखाली झोपून तिचे बोल्ट सोडवत असतो. त्या माणसाला आपण मिस्त्री म्हणतो आणि इतिहासात त्याच्या नावाची एक ओळही नसते.

ही गोष्ट सांगायला घोरावाडीसारखी जागा शोधून सापडणार नाही. पुणे-लोणावळा लोकलने बेगडेवाडी सोडलं की तळेगावच्या आधी हे छोटं स्टेशन येतं. डोक्यावर घोरावडेश्वराचा डोंगर आणि त्यातली बौद्ध लेणी, पायथ्याला जुना मुंबई-पुणे रस्ता. एका बाजूला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूला तळेगावची एमआयडीसी आणि पलीकडे चाकण. देशातल्या मोटारउद्योगाचा मोठा भाग इथून तासाभराच्या अंतरात मावतो. याच पट्ट्यात, घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, वयात आलेल्या गाड्यांचे शॉकअप आणि मागचे एक्सल बदलले जातात. या साध्या कामामागे किती इतिहास आहे, ते या लेखात पाहू.

सुरुवात रस्त्यापासून करू. भोर घाटातून चाकाची वाहनं जाऊ शकतील असा रस्ता 1830 मध्ये खुला झाला. रेल्वे 1858 मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आली आणि घाटातला लोहमार्ग 1863 मध्ये पूर्ण झाला. मोटारी आल्या तेव्हा त्यांना हाच घाट चढायचा होता. उतारावर ब्रेक तापायचे, चढावर इंजिनातलं पाणी उकळायचं, आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे गाडीच्या मागच्या भागाची हाडं मोजायचे. घाट संपल्यावर लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या गावांतून रस्त्याकडेला गॅरेजं उभी राहिली ती यामुळेच. जिथे गाडी मोडते तिथेच मिस्त्री बसतो.

हा घाट खोदणाऱ्यांपैकी एक माणूस पुढे मोटारींच्या धंद्यात आला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या बांधकाम कंपनीने 1920 च्या दशकात भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम केलं. त्याच वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1954 मध्ये फियाट 1100 आली.

तेव्हा मुंबईत एक विदेशी कंपनी आधीपासून होती. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. परदेशातून सुटे भाग पेट्यांमध्ये यायचे आणि इथे जोडून शेव्हरोलेच्या गाड्या तयार व्हायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदललं. नुसती जोडणी चालणार नाही, भाग हळूहळू इथेच बनवले पाहिजेत, असं 1953 मध्ये ठरलं. जनरल मोटर्सला ते परवडलं नाही आणि 1954 मध्ये तिने गाशा गुंडाळला. कंपनी गेली. तिच्या ट्रक, बस आणि मोटारी मात्र रस्त्यावरच होत्या आणि पुढे अनेक वर्षं धावत राहिल्या. आयातीवर निर्बंध होते, नवे भाग मिळत नव्हते. मग लेथवर बुश कातले गेले, एका गाडीचा भाग घासून दुसरीला बसवला गेला, भंगारातली गाडी उघडून तिसरी उभी केली गेली. या देशातली मिस्त्रीगिरी या टंचाईत घडली.

फियाट 1100 चीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. चाळिशीपुढच्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि मुंबईत काळ्या-पिवळ्या रंगातली टॅक्सी. तिचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. पण तिला वीस वर्षं कुणी चालवत ठेवलं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

पद्मिनीचा मागचा भाग समजून घेतला की मिस्त्रीचं काम कळतं. तिच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. मध्ये डिफरन्शियलचा गोळा, दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या, आणि नळ्यांच्या आत एकेक दांडा, म्हणजे एक्सल. तो चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. हा सगळा साचा पट्ट्यांच्या दोन कमानींवर बसवलेला असतो. मिस्त्री त्यांना पाटे म्हणतात. सोबत दोन शॉकअप. इथला प्रत्येक तुकडा सुटा होतो. पाटा तुटला तर तेवढाच बदलता येतो. पाटे बसले, म्हणजे सपाट झाले, तर त्यांना तापवून पुन्हा बाक देणारे कारागीर होते. बेअरिंग गेलं तर एक्सल ओढून काढायचा, जुनं बेअरिंग प्रेसवर उतरवायचं, नवं चढवायचं. गाडी उघडायची, बघायची, दुरुस्त करायची आणि मिटायची. इंग्रजी न वाचणारा हुशार मुलगा चार-पाच वर्षं उस्तादाजवळ राहिला की त्याला ही गाडी पाठ व्हायची.

उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस असल्यामुळे मला गॅरेजमधले शब्द ऐकायला आवडतात. ते थरांसारखे रचलेले आहेत. सगळ्यांत खाली बैलगाडीचे शब्द: चाक, आरे, धाव, आस, वंगण. त्यावर फारसी-अरबीतून आलेले शब्द: उस्ताद, शागीर्द, कारागीर, अवजार, दुरुस्ती, कमान. कमान म्हणजे धनुष्य, आणि पाट्यांचा आकार पाहिला की ते नाव का पडलं हे सांगावं लागत नाही. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, म्हणजे पुन्हा उस्तादच. गोव्यात सुताराला अजून 'मेस्त' म्हणतात. सर्वांत वर इंग्रजीचा थर: शॉकअप, बुश, बेअरिंग, एक्सल. गंमत अशी की इंग्रजी 'एक्सल' आणि संस्कृत 'अक्ष', ज्यावरून आपला 'आस' आला, हे एकाच मूळ कुळातले शब्द आहेत. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणारा आजोबा आणि गाडीचा एक्सल बदलणारा नातू हजारो वर्षं जुना एकच शब्द वापरतात. मराठीतून फारसी शब्द काढून टाकावेत असं म्हणणाऱ्यांनी एकदा गॅरेजमध्ये यावं. 'दुरुस्ती' काढली तर गाडी तिथेच उभी राहील.

शॉकअपची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. स्प्रिंग किंवा पाटा धक्का झेलतो, पण झेलल्यावर थांबत नाही, वरखाली होत राहतो. घोडागाड्यांना लंबगोल कमानी बसवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियटने 1804 मध्ये घेतलं, तेव्हापासून प्रवास मऊ झाला. पण मोटारीचा वेग आल्यावर ही उसळी धोक्याची ठरली. तिला आवरणारं काहीतरी हवं होतं. आजच्या शॉकअपमध्ये तेलाने भरलेली नळी असते आणि बारीक भोकं असलेला दट्ट्या त्या तेलातून वरखाली होतो. तेल सहज वाट देत नाही, म्हणून उसळी मरते. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप तिला शिस्त लावतो आणि चाकाला रस्ता सोडू देत नाही. म्हणूनच खराब शॉकअपची गाडी ब्रेक मारल्यावर उशिरा थांबते.

भारतात अनेक मिस्त्री 'गॅब्रिएल टाक' म्हणतात तेव्हा त्यांना शॉकअप म्हणायचं असतं. अमेरिकेत क्लॉड फोस्टर नावाच्या माणसाने 1904 मध्ये मोटारीचे हॉर्न बनवायला सुरुवात केली आणि कंपनीला गॅब्रिएलचं नाव दिलं, कारण ख्रिस्ती परंपरेत कयामतीचं शिंग फुंकणारा फरिश्ता गॅब्रिएल मानला जातो. पुढे 1907 मध्ये याच कंपनीने झटके आवरणारं साधन काढलं आणि नाव त्याला चिकटलं. आपल्या परंपरेत गॅब्रिएल म्हणजे हजरत जिब्रईल. ते वही घेऊन येतात, आणि सूर फुंकण्याचं काम हजरत इस्राफील यांचं. पण मोटारीच्या दुनियेत हा भेद कुणी पाहिला नाही. 1961 मध्ये गॅब्रिएल इंडिया ही कंपनी मुलुंडला सुरू झाली. आज चाकणलाही तिचा कारखाना आहे. म्हणजे घोरावाडीच्या अंगणात बसणारा शॉकअप कधीकधी शेजारच्या गावातूनच आलेला असतो.

आता पुन्हा कंपन्यांकडे येऊ. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पद्मिनीचे दिवस भरत आले. 1990 च्या दशकात दारं उघडली, तेव्हा प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि कल्याणजवळच्या कारखान्यातून प्यूजो 309 काढली. काही वर्षांतच भागीदारी मोडली, प्यूजो निघून गेली. ज्यांनी ती गाडी घेतली होती, त्यांच्यासमोर भाग कुठून आणायचे हा प्रश्न राहिला. तो कंपनीने सोडवला नाही. ज्यांनी सोडवला, त्यांनी भंगार बाजारात आणि लेथवर सोडवला.

मग जनरल मोटर्स परत आली. शिवडी सोडून अर्धशतक उलटल्यावर, सप्टेंबर 2008 मध्ये, तिचा कारखाना तळेगावला सुरू झाला. घोरावाडीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे शेव्हरोलेची स्पार्क बनू लागली आणि 2010 मध्ये बीट आली. मावळातल्या पोरांना नोकऱ्या लागल्या, तळेगावात इमारती उठल्या. 2017 च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं बंद केलं, फक्त निर्यातीसाठी उत्पादन ठेवलं. डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबलं. हजाराहून अधिक कामगारांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. 2023 मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. शिवडीला 1954 मध्ये जे झालं ते तळेगावला 2020 मध्ये झालं. नाव तेच, शेवटही तोच.

पण बीट अजून रस्त्यावर आहे. मावळात तर आहेच. जिथे बनली, तिथेच म्हातारी होते आहे.

बीटचा मागचा एक्सल पद्मिनीसारखा नाही. गाडी पुढच्या चाकांवर चालते, मागची चाकं नुसती मागे येतात. त्यामुळे गोळा नाही, आत फिरणारा दांडा नाही. आडवी एक पोलादी तुळई, तिच्या दोन टोकांना दोन हात, दोन स्प्रिंगा आणि दोन शॉकअप. एक चाक खड्ड्यात गेलं की तुळई पिळली जाते आणि सुटल्यावर सरळ होते. लहान गाड्यांमध्ये ही रचना 1974 च्या फोक्सवॅगन गोल्फपासून रुळली. ती हलकी, स्वस्त आणि कमी कटकटीची आहे. पाटे तुटण्याची भानगड नाही, वंगणाची चिंता नाही. पण एकदा मोठ्या खड्ड्याने वाकली की तिला सरळ करता येत नाही. अख्खी बदलावी लागते. मोटारीच्या इतिहासातला हा मोठा बदल आहे. पद्मिनी उघडून दुरुस्त करण्यासाठी बनली होती, नव्या गाड्या भाग बदलण्यासाठी बनतात. पहिल्या गाडीला कारागीर लागायचा, दुसरीला भागाचा नंबर लागतो.

घोरावाडीत आमच्या नात्यातल्या एका घरी अशीच एक बीट आहे. मागचे टायर आतल्या बाजूने खाल्ले जात होते, गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालल्यासारखी वाटायची आणि दोन्ही शॉकअपमधून तेल गळत होतं. तुळई वाकली होती. घरातल्या मामूंनी आयुष्यभर जुन्या हायवेवरच्या गॅरेजमध्ये पद्मिनी आणि अँबॅसडर केल्या. त्यांचा भाचा आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला. दोघांनी मिळून अंगणात हे काम करायचं ठरवलं. शॉकअप नवे आणले. तुळई अपघातात पुढून चेपलेल्या एका बीटची मिळाली, मागून धड होती. पुण्याच्या नाना पेठेत आणि जुन्या बाजारात जे मिळत नाही ते भंगारवाल्याकडे मिळतं, हा मामूंचा जुना अनुभव.

मी शिक्षक म्हणून बघायला बसलो आणि त्या दिवशी दोन शाळा एकत्र काम करताना पाहिल्या. भाच्याकडे मोबाईलवर आकृती होती. कोणता बोल्ट कुठे, ब्रेकची नळी कुठून जाते, हँडब्रेकची केबल कुठे अडकवली आहे. मामूंकडे क्रम होता. जमीन सपाट हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करायचे. जॅक फक्त उचलण्यासाठी, गाडी ठेवायची घोड्यांवर, आणि घोडी लागल्याशिवाय कुणीही खाली डोकं घालायचं नाही. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवलेलं. तुळईखाली दुसरा जॅक लावून मगच शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, कारण स्प्रिंगेत ताकद भरलेली असते आणि तुळई एकदम सुटली तर हात जातो. मग तुळई हळूहळू खाली, स्प्रिंगा बाहेर, ब्रेकच्या नळ्या सोडून त्यांची तोंडं बंद, केबल मोकळ्या, आणि शेवटी पुढच्या बाजूचे बुशचे दोन बोल्ट.

नवी तुळई चढवताना भाचा बुशचे बोल्ट लगेच कसायला गेला. मामू म्हणाले, "रुक. पैले गाडी उतार, उसका वजन उसके पाँव पे आने दे, फिर बुश कस." याचं कारण असं की बुशमध्ये रबर असतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट कसला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. भाचा म्हणाला, "मामू, ये तो किताब में भी लिखा है." मामूंनी ते पुस्तक कधी पाहिलेलं नाही. त्यांनी ते फाटलेल्या बुशांवरून शिकलं होतं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या होत्या.

शॉकअप दोन्ही बाजूंचे एकदम बदलले, कारण एक नवा आणि एक जुना असला की गाडी वळणावर आणि ब्रेकला एका अंगाला झुकते. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची. घरातल्या थोरल्या मुलीने पेडलवर पाय ठेवला. "दाब", "धरून ठेव", "सोड", असं अर्धा तास चाललं, जोवर नळीतून बुडबुडे येणं थांबलं नाही. मग गाडी आधी अंगणात, मग गल्लीत हळू चालवून ब्रेक पाहिला आणि दुसऱ्या दिवशी चाकांची दिशा यंत्रावर तपासून घेतली. ते यंत्र घरी नसतं आणि मामूंनी ते नजरेने करायचा हट्टही धरला नाही. घरी काय करायचं हे ज्याला कळतं, त्याला कुठे थांबायचं हेही कळतं.

हे काम एवढं निकडीचं का होतं? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 रुपये झालं. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. 2010 ची बीट 2025 मध्ये पंधरा वर्षांची झाली. त्यापुढची प्रत्येक बीट एकेक करून त्या रांगेत येते आहे. जुन्या, धूर सोडणाऱ्या, ब्रेक न लागणाऱ्या गाड्या रस्त्यावर नकोत, हे बरोबरच आहे. पण ज्या घरात ती एकच गाडी आहे आणि दुसरी घ्यायची ऐपत नाही, तिथे तपासणीत पास होणं म्हणजे आजारी माणसाला दवाखान्यात नेता येणं, लेकीला परीक्षेला सोडता येणं. वाकलेला एक्सल बदलून ती गाडी सुरक्षित करणारा मिस्त्री म्हणूनच महत्त्वाचा.

हा मिस्त्री अनेकदा आपल्या मोहल्ल्यातला असतो. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात जास्त आहेत, आणि ज्या क्षेत्रांत त्यांचं प्रमाण तुलनेने अधिक आहे त्यांत वाहन दुरुस्तीही येते. याचा अभिमान बाळगावा असं त्यात आहे आणि काळजी करावी असंही. अभिमान यासाठी, की हा हुनर कुणाच्या दारात उभा न राहता मिळवलेला आहे आणि कमाई हलालाची आहे. काळजी यासाठी, की त्यातली बरीच मुलं गॅरेजमध्ये गेली ती शाळा सुटली म्हणून. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि शिक्षक म्हणून मला 'छोटू'च्या हातातला पाना कधीच गोड वाटला नाही. उस्ताद-शागीर्द परंपरेचं कौतुक करताना त्या परंपरेत किती चापट्या आणि किती बिनपगारी वर्षं होती, हे विसरता कामा नये.

सरकारने या बाजूला काहीच केलं नाही असंही नाही. कारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची, त्यातूनच आयटीआय उभ्या राहिल्या. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा, म्हणजे गॅब्रिएल इंडियाच्याच वयाचा. 2015 च्या कौशल्य विकास योजनेत तर आधीच काम येणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. पण मामूंसारख्या माणसाला असं काही आहे हे सांगणारं कुणी भेटत नाही. त्यांच्याकडे चाळीस वर्षांचं ज्ञान आहे आणि कागद एकही नाही. भाच्याकडे कागद येईल, पण ज्ञान यायला अजून दहा वर्षं लागतील, आणि तोवर मामू असतील की नाही ठाऊक नाही. एक्सप्रेसवे 2002 मध्ये पूर्ण झाला तेव्हा जुन्या रस्त्यावरच्या गॅरेजांचं गिऱ्हाईक वरून निघून गेलं. आता विजेच्या गाड्या येत आहेत. त्यांना इंजिन नाही. पण शॉकअप त्यांनाही आहेत, बुश आहेत, ब्रेक आहेत, आणि खड्डे तर सगळ्यांना सारखेच. मामूंचं अर्धं ज्ञान उद्याही लागणार आहे. ते पुढच्या पिढीकडे कसं जाणार, हा प्रश्न आहे.

आपण मुस्लिम विज्ञानाच्या सुवर्णकाळाबद्दल बोलताना अल-जझरीचं नाव अभिमानाने घेतो. दियारबकरच्या अर्तुकी दरबारात काम करणाऱ्या या माणसाने 1206 मध्ये आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. पन्नास यंत्रं, आकृत्यांसह. तो स्वतः हाताने काम करणारा कारागीर होता, आणि दुसऱ्याला ती यंत्रं बनवता यावीत अशा तऱ्हेने त्याने प्रत्येक भाग कसा घडवायचा हे लिहून ठेवलं. तो मिस्त्री होता आणि त्याने लिहिलं, म्हणून आठशे वर्षांनी आपण त्याचं नाव घेतो. त्याच्या आधीही आणि नंतरही तितकेच हुशार मिस्त्री होऊन गेले असतील. त्यांनी लिहिलं नाही, कुणी त्यांच्याकडून लिहून घेतलं नाही, आणि ते गेले.

आपल्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला ग्रंथ लिहायला सांगता येणार नाही. पण शाळेतल्या मुलाला एक वही घेऊन त्याच्याकडे पाठवता येईल. चाचा, तुम्ही पहिली गाडी कोणती खोलली? भाग मिळत नव्हते तेव्हा काय करायचात? बोल्ट तुटला तर कसा काढता? मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जशी बोलतो तशी दखनीत लिहा. नववी-दहावीच्या भाषेच्या तासाला मुलाखत लिहायला सांगतातच, ती दर वेळी पुढाऱ्याची किंवा खेळाडूचीच कशाला हवी? आणि तुमच्या घरात आयटीआयला जाणारा मुलगा असेल, तर त्याच्यासोबत मोहल्ल्यातल्या उस्तादाला त्या कौशल्याच्या परीक्षेचा फॉर्म भरायला बसवा. इंग्रजी तो मुलगा वाचेल, उत्तरं उस्तादाला येतात.

शिवडीच्या कारखान्यात कोणत्या साली काय झालं ते आपल्याला सापडतं. तळेगावचंही सापडेल. त्या दोन तारखांच्या मधे आणि नंतर गाड्या कुणी चालवत ठेवल्या, हे अजून विचारता येतं, कारण विचारायचं त्यांच्यापैकी बरेच जण अजून आपल्यातच आहेत. संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर ते गॅरेजच्या शटरबाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात. वही घेऊन जा.